नवरा अमेरिकन, मी भारतीय पासपोर्टवर, बाळ नऊ महिन्यांचं: पुण्याला परतताना कुठला कागद आधी?

ऑस्टिन_ते_औंध

नमस्कार मंडळी. जुलै २०२६ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही टेक्सासहून पुण्याला कायमचे येतोय. माझी नोकरी तेव्हाच सुरू होणार आहे, त्यामुळे तारीख पुढे ढकलता येत नाही.

परिस्थिती अशी: मी भारतीय नागरिक, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि त्यात नवऱ्याचं नाव नाही. नवरा जन्माने अमेरिकन, त्याच्या घरात कुणीही भारतीय वंशाचं नाही. ट्रॅव्हिस काउंटीत १४ ऑगस्ट २०२४ ला लग्न केलं. मग सप्टेंबरमध्ये घरच्यांसाठी पुण्यात वैदिक पद्धतीने विधी झाले, त्याची नोंदणी केलेली नाही. मुलगी जून २०२५ ची, जन्म ऑस्टिनचा. तिचा कुठलाच पासपोर्ट अजून काढलेला नाही.

प्रश्न तीन. नवऱ्याला ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं कार्ड) कधी आणि कुठून मिळेल? तोपर्यंत तो कुठल्या व्हिसावर राहील? आणि मुलीला भारतीय पासपोर्ट काढावा की अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय? बाबा म्हणतात की पुण्यातलं लग्न वॉर्ड ऑफिसात नोंदवून टाकू, म्हणजे सगळं सोपं होईल. ते बरोबर आहे का?


कागदपत्री

बाबांना आधी थांबवा. तुमचं कायदेशीर लग्न टेक्सासमध्ये झालेलं आहे. त्याच जोडप्याचं दुसरं प्रमाणपत्र दुसऱ्या तारखेचं काढलं, की ओसीआयच्या फायलीत पहिला प्रश्न तोच येतो: नक्की लग्न कधीचं? शिवाय ओसीआयसाठी लागणारी लग्नाची दोन वर्षांची मुदत नोंदणीपासून मोजली जाते. म्हणजे आज पुण्यात नोंदणी करून तेच प्रमाणपत्र जोडलंत, तर जवळपास संपत आलेली मुदत तुम्ही आपल्या हाताने पुन्हा शून्यावर नेली.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७ए मध्ये परदेशी वंशाच्या जोडीदारासाठी अट अशी आहे: लग्न नोंदलेलं हवं आणि अर्ज सादर करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. ‘साधारण दोन वर्षं’ असं काही नसतं. टेक्सासमध्ये विधी झाल्यावर लग्नाचं लायसन्स ३० दिवसांच्या आत काउंटी क्लार्ककडे परत जातं आणि मग त्याची नोंद होते. तुमच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतील, एक विधीची आणि एक नोंदीची. १४ ऑगस्ट यांतली कुठली ते बघा. विधीची असेल तर मोजणी नोंदीच्या तारखेपासून धरा आणि वर आठवडाभर सोडून अर्ज करा. आठ दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही, एक दिवस लवकर झाल्याने अर्ज बाद होतो.

म्हणजे ऑगस्ट २०२६ च्या अखेरीपर्यंत नवऱ्याच्या ओसीआयचा विषयच नाही. तो अर्ज भारतातून करायचा, पुण्यात राहणाऱ्यांसाठी तो मुंबईच्या एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) जातो. पण त्यासाठी भारतात कुठल्या व्हिसावर आहात याला महत्त्व आहे. टुरिस्ट, मिशनरी किंवा गिर्यारोहणाच्या व्हिसावर असताना ओसीआयचा अर्ज घेतला जात नाही. ‘आत्ता ई-टुरिस्ट काढून येऊ, मग बघू’ हा सल्ला फार फिरतो, तो ऐकू नका. नवऱ्याने ऑस्टिनमधूनच एंट्री व्हिसा काढायचा. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठीचा तो प्रकार म्हणजे एक्स-२.

आणखी एक तपासा, फॉर्ममध्ये विचारतातच. नवऱ्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर ओसीआय मिळत नाही. तुमच्या बाबतीत हा प्रश्न नसावा.


दप्तरदार

मुलीबद्दल लिहितो, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

आई किंवा बाबा यांपैकी कुणीही भारतीय नागरिक असेल, तर परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळू शकतं. पण ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मांसाठी अट आहे: जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद झाली पाहिजे आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्याकडे जूनपर्यंत वेळ आहे, म्हणजे दोन्ही दारं अजून उघडी आहेत. उघडी आहेत म्हणून भारतीय दारातून जावंच, असं मात्र नाही.

मुलगी टेक्सासमध्ये जन्मली, म्हणजे ती अमेरिकन नागरिक आहेच, तुम्ही कागद काढा की नका काढू. अमेरिकन कायद्यानुसार तिथल्या नागरिकाने अमेरिकेत ये-जा अमेरिकन पासपोर्टवर करायची असते, आणि नागरिकाला अमेरिका व्हिसा देत नाही. मग भारतीय पासपोर्टवरची ही मुलगी तिच्या अमेरिकेतल्या आजी-आजोबांना भेटायला कशी जाणार? दुसरा पासपोर्ट गुपचूप काढणं हा उपाय नव्हे, भारतीय कायद्याला ते चालत नाही. पुढे कलम ४(१ए) नुसार सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परकी नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. अठराव्या वर्षी तिच्यासमोर हा पेच टाकायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा. वडील अमेरिकन आणि ये-जा चालू राहणार, अशा घरासाठी माझ्या मते अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय हाच सरळ रस्ता आहे.

मुलीच्या ओसीआयला दोन वर्षांची अट नाही. आई भारतीय नागरिक आहे, तेवढं पुरतं. हा अर्ज आत्ताच ह्यूस्टनच्या वकिलातीकडे, व्हीएफएसमार्फत (वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणारी कंपनी) करता येईल.

अडकतं ते बहुतेक इथे:

जन्मदाखला लांब नमुन्याचा हवा, ज्यात दोघा पालकांची नावं आहेत. रुग्णालयातून मिळालेला पावलांच्या ठशांचा सुंदर कागद हा जन्मदाखला नव्हे, तो फ्रेममध्येच राहू द्या. राज्याच्या व्हायटल स्टॅटिस्टिक्स विभागाची, स्टेट रजिस्ट्रारच्या सहीची प्रत मागवा.

मुलीला सही करता येत नाही, म्हणून सहीच्या चौकटीत अंगठा. मुलीसाठी उजवा, मुलासाठी डावा. शाई पातळ हवी आणि ठसा चौकटीच्या रेषेला टेकता कामा नये. पाच-सहा कोऱ्या कागदांवर ठसे घ्या आणि त्यातला बरा स्कॅन करा. बाळ मूठ मिटून घेतं, त्यामुळे झोपेत घेतलेला ठसा सगळ्यात स्वच्छ येतो.

फोटो चौकोनी, मागची बाजू फिकट रंगाची, पण पांढरी नाही. अमेरिकन पासपोर्टसाठी पांढरी लागते. त्यामुळे एकाच दिवशी एकाच दुकानात दोन्हीसाठी एकच फोटो काढतात आणि ओसीआयचा परत येतो. बाळामागे कुणाचा हात किंवा पाळण्याची झालर दिसली तरी परत येतो.

आणि अमेरिकन पासपोर्टला सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. दोघांनी सोबत जाणं उत्तम.


ऑस्टिन_ते_औंध

दोघांचेही आभार. मुलीचं ठरलं, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय. आता एक शंका. माझ्या पासपोर्टमध्ये नवऱ्याचं नाव नाही, हे चालेल का? आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर मधलं नाव पूर्ण आहे, लग्नाच्या प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षर. शिवाय जुलैपर्यंत मुलीचं ओसीआय हातात आलं नाही तर?


कागदपत्री

तुमचा पासपोर्ट सगळ्यात आधी. जोडीदाराचं नाव घालून रीइश्यू करून घ्या. नाव नसलं म्हणून कायद्याने अर्ज बाद होत नाही, पण खिडकीवर ते मागितलं जातं, आणि एकदा फाइल ‘अधिक कागद हवेत’ या रकान्यात गेली की तिथून बाहेर यायला वेळ लागतो. आडनाव बदलायची गरज नाही. जोडीदाराचं नाव घालणं आणि स्वतःचं नाव बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच अर्जात दोन्ही करू नका.

क्रम महत्त्वाचा आहे तो एवढ्यासाठी: मुलीच्या ओसीआयच्या आणि नवऱ्याच्या व्हिसाच्या, दोन्ही फॉर्ममध्ये तुमचा पासपोर्ट क्रमांक जातो. रीइश्यूमध्ये क्रमांक बदलतो. आधी फॉर्म भरलेत आणि मग पासपोर्ट नवा केलात, तर दोन्ही फायली जुन्या क्रमांकावर राहतात. जुन्या पुस्तकात तुमचा अमेरिकन व्हिसा असेल तर ते पुस्तक रद्दचा शिक्का मारून परत मिळतं, ते जपून ठेवा आणि प्रवासात दोन्ही जवळ बाळगा.

नावांबद्दल: फॉर्ममध्ये नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न अक्षर. प्रमाणपत्रावरच्या आद्याक्षरासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आपल्याकडे ‘स्वतःचं, वडिलांचं, आडनाव’ ही सवय असल्यामुळे मुलीच्या फॉर्ममध्ये मधल्या जागी वडिलांचं नाव घालायचा मोह होतो. जन्मदाखल्यावर नसेल तर घालायचं नाही. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मुळातच बरी आहे. टेक्सासच्या जन्मदाखल्यावर आईचं पहिल्या लग्नाआधीचं नाव छापतात, आणि तुमचा पासपोर्टही माहेरच्याच नावाचा आहे. जुळतंय, तसंच राहू द्या.

निघायच्या आधी करायचं आणि लोक हमखास विसरतात ते काम म्हणजे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणन. टेक्सासचा कागद ह्यूस्टनच्या वकिलातीत देताना जे खपतं, तेच मुंबईत देताना खपेल असं नाही. भारतात वापरायच्या परदेशी प्रमाणपत्राला अपोस्टिल लागतं. लग्नाच्या प्रमाणपत्राची ट्रॅव्हिस काउंटी क्लार्ककडून ताजी सर्टिफाइड प्रत घ्या (घरातल्या प्रतीची झेरॉक्स नाही, नोटरी केलेली झेरॉक्सही नाही) आणि टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल करून घ्या. ते कार्यालय ऑस्टिनमध्येच आहे, दर कागदाला १५ डॉलर. लग्नाच्या दोन आणि जन्मदाखल्याच्या दोन प्रती करून ठेवा. पुण्यातून हे करायचं म्हटलं तर कुरिअर, ओळखीचं कुणीतरी आणि महिनाभर. अपोस्टिलचं पान मूळ कागदाला स्टेपल केलेलं असतं. स्कॅन करायला म्हणून ती पिन काढू नका, काढलीत की तो कागद गेला.

मुलीचं ओसीआय वेळेत आलं नाही तर तिलाही एक्स व्हिसावर आणा, टुरिस्टवर नाही. कारण वर लिहिलंय तेच.


सदाशिवपेठी

एक्स-२ आणि नंतरची नवऱ्याची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी यावर थोडं, कारण पुण्यात उतरल्यावर खरी धावपळ तिथे असते.

व्हिसाचा फॉर्म सरकारी साइटवर भरायचा, कागद व्हीएफएसकडे. लग्नाचं प्रमाणपत्र, तुमच्या पासपोर्टची प्रत, भारतातला पत्ता. एक्स-२ पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. व्हिसा हातात आला की त्यावरचा बारीक मजकूर वाचा. ‘एका वेळचा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नको’ असं लिहिलेलं असेल तर ती वेगळी गोष्ट. ‘आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी’ असं असेल तर घड्याळ विमानतळावरच्या शिक्क्यापासून सुरू होतं. तुम्ही कायमचे येताय, म्हणजे दुसरा मजकूर हवा. पहिला आला असेल तर निघायच्या आधीच विचारणा करा.

भारतात पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत नवऱ्याने ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ऑक्टोबर २०२५ पासून ते सुरू झालंय.

नोंदणी ई-एफआरआरओच्या पोर्टलवर होते, रांगेत उभं राहायची गरज सहसा पडत नाही. पण अपलोड करताना तीन जागी माणसं अडकतात.

पहिली, सी-फॉर्म. परदेशी माणूस ज्या घरात उतरतो त्या घरमालकाने २४ तासांत तो ऑनलाइन द्यायचा असतो. हॉटेलं हे रोज करतात, त्यामुळे हा नियम हॉटेलांपुरताच आहे असा समज झालाय. तुमच्या आईबाबांच्या घरी उतरणार असाल तर तो बाबांनी भरायचा. त्यासाठी लागणारं लॉगिन आधी मंजूर व्हावं लागतं, आणि ती मंजुरी एका दिवसात येईलच असं नाही. जूनमध्येच बाबांच्या नावाने लॉगिन करून ठेवा. नाहीतर १४ दिवसांपैकी पहिला आठवडा यातच जातो.

दुसरी, पत्त्याचा पुरावा. वीजबिल बाबांच्या नावाचं असणार. ते ताजं बिल, बाबांचं ओळखपत्र आणि ‘माझे जावई माझ्या घरी राहतात’ असं सहीचं पत्र, तिन्ही एकत्र एका पीडीएफमध्ये. भाड्याचं घर घेणार असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, आणि त्यात नवऱ्याचंही नाव. एजंट नुसत्या तुमच्या नावाचा करार करून देतात, तेव्हा सांगा. वाकड-हिंजवडीकडे घर घेतलंत तर पोलीस पडताळणी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातल्या ठाण्याकडून होते, पुणे शहराकडून नाही. पोर्टलवर पत्ता आणि ठाणं नीट निवडा. घर बदललं की तेही तिथे कळवायचं.

तिसरी, शिक्क्याचं पान. पासपोर्टचं फोटोचं पान आणि व्हिसाचं पान सगळे देतात, मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर मारलेल्या आगमनाच्या शिक्क्याचं पान राहून जातं.

एक्स-२ वर भारतात नोकरी करता येत नाही. नवऱ्याने ओसीआय मिळेपर्यंत इथली कुठलीही ऑफर स्वीकारू नये. आधार मात्र परदेशी रहिवाशालाही मिळतं, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. व्हिसावर असताना आधारची मुदत व्हिसाइतकीच असते, ओसीआयवर दहा वर्षांची. म्हणून थोडं थांबून ओसीआय आल्यावरच काढलं तर दोनदा हेलपाटा पडत नाही.


कागदपत्री

सप्टेंबरमधल्या अर्जाबद्दल राहिलंच. फॉर्म भरताना ‘भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार’ हाच प्रकार निवडा आणि अर्जाचं ठिकाण मुंबई. शुल्क भारतात १५,००० रुपये, बाहेर २७५ डॉलर. मुंबईचं कार्यालय सीएसएमटीजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर. मूळ प्रती आणि झेरॉक्सचा संच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन जा.

जोडीदाराच्या ओसीआयला आधी सुरक्षा मंजुरी लागते, त्यामुळे वंशाच्या आधारावर मिळणाऱ्या ओसीआयपेक्षा वेळ जास्त जातो. दोघांना एकत्र बोलावून प्रश्न विचारले जाऊ शकतात, घरी पोलीस येऊन जातात. नवरा त्या पत्त्यावर खरोखर राहतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला नवऱ्याचं नाव माहीत असू द्या. ‘इथे कुणी गोरा राहत नाही’ असं उत्तर गेटवर मिळाल्याने शेरा उलटा पडलेला आहे. या काळात एक्स-२ ची मुदत संपणार नाही हे बघा. ओसीआयचा अर्ज पडून आहे म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही.

कार्ड आल्यावर: जोडीदाराने दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत पासपोर्ट, फोटो आणि लग्न टिकून असल्याचं निवेदन ऑनलाइन टाकायचं. मुलीच्या बाबतीत वीस वर्षांपर्यंत दर नवा पासपोर्ट अपलोड, आणि विसाव्या वर्षानंतर पासपोर्ट नवा झाला की एकदा कार्ड रीइश्यू. तिचा अमेरिकन पासपोर्ट सोळापर्यंत दर पाच वर्षांनी बदलेल, तारखा आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.


मांडवीकाठ

धाग्याला थोडं वळण देतो, पण प्रश्न याच जातीचा आहे. बायको मूळ मडगावची, आता पोर्तुगीज पासपोर्ट. मी भारतीय. लग्न नोंदवून वर्षच झालंय. तिलाही दोन वर्षं थांबावं लागेल का?


दप्तरदार

नाही. ती तुमची बायको म्हणून अर्ज करणारच नाही. ती किंवा तिचे आईवडील भारताचे नागरिक होते, किंवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले (गोवा १९ डिसेंबर १९६१ ला आला) होते, या आधारावर तिला स्वतःच्या हक्काने ओसीआय मिळतं. जोडीदाराच्या प्रकारात अर्ज करणं तिच्यासाठी तोट्याचंच आहे. त्या प्रकारचं कार्ड लग्नाला बांधलेलं असतं, कोर्टात घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं. वंशाच्या प्रकाराला तो धोका नाही.

तिची अडचण दुसरीकडे असू शकते. तिच्याकडे पूर्वी भारतीय पासपोर्ट होता का? असेल तर सरेंडर सर्टिफिकेट (तो पासपोर्ट परत केल्याचा दाखला) लागतं. गोव्यात बऱ्याच जणांना ते मिळेना, कारण लिस्बनमध्ये जन्मनोंद होऊन पोर्तुगीज नागरिकत्व मिळाल्यानंतरही भारतीय पासपोर्ट वापरला म्हणून पासपोर्ट कार्यालयाने तो रद्दच केला होता. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सरेंडरऐवजी रद्द केल्याचं प्रमाणपत्र ओसीआयसाठी चालेल असं कळवलं होतं, पण आज ते लागू आहे का हे विचारून घ्या. तिच्याकडे यांपैकी कुठला कागद आहे, तो आधी शोधा.


ऑस्टिन_ते_औंध

पासपोर्ट रीइश्यूचा फॉर्म आज भरला. शेवटचं विचारते: बाबांना मुळशीतली शेतजमीन माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर करायची आहे. ओसीआय आल्यावर चालेल ना?


सदाशिवपेठी

तुमच्या एकटीच्या नावावर करा. ओसीआय असलं तरी शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. फ्लॅट चालतो. तलाठ्याकडे फेरफार अडला तर बाबा एजंट शोधायला लागतील, म्हणून सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव चढवायचा विचार आत्ताच सोडायला सांगा.